यादीच्या तळाशी राहिलेल्या सहकाऱ्यांसाठी : आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कार्यालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
संयुक्त राष्ट्रे आणि अन्य आंतरराष्ट्रीय संस्थांच्या देशोदेशीच्या कार्यालयांचे प्रमुख

विषय : स्थानिक सुरक्षा सहायकांना निर्णयप्रक्रियेत आणि संकटकालीन आराखड्यात स्थान देण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कार्यालयांमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून मी 19 वर्षे काम केले आणि आता निवृत्त झालो आहे. सेवेत असताना जे बैठकीत बोललो, टिपणांत लिहिले आणि काही वेळा बोलायला हवे असूनही बोललो नाही, ते आज उघडपणे आपल्यापुढे मांडत आहे. माझे म्हणणे एकाच प्रकारच्या सहकाऱ्यांविषयी आहे. ज्या देशात आपले कार्यालय आहे त्याच देशात नेमलेला, तिथलीच भाषा बोलणारा, तिथेच कुटुंबासह राहणारा स्थानिक सुरक्षा सहायक. परिस्थितीची सर्वांत अचूक जाण त्याला असते, निर्णयात त्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो, आणि निघण्याची वेळ आली की गाड्यांच्या यादीत त्याचे नाव बहुधा नसते. हे बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

आमचे काम बाहेरून पाहणाऱ्याला फाटकावरचे काम वाटते. गाडीखाली आरसा फिरवणे, ओळखपत्र तपासणे, सामान यंत्रातून काढणे हे तर आहेच. परंतु सुरक्षा अधिकाऱ्याच्या दिवसाचा मोठा भाग लिहिण्यात आणि ऐकण्यात जातो. कोणत्या रस्त्यावर नवे चेकपोस्ट लागले, तिथला माणूस गणवेशात आहे की साध्या कपड्यांत, काल मोकळा असलेला पूल आज कोणाच्या ताब्यात आहे, अन्नवाटपाच्या ठिकाणी गर्दी कोणत्या वेळी बिथरते, हे सारे गोळा करून त्याचे रोजच्या अहवालात रूपांतर करायचे असते. 2011 च्या जानेवारीपासून संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत धोक्याच्या सहा पातळ्या आहेत, किमान ते आत्यंतिक. एखाद्या भागाची पातळी काय ठरते यावर तिथल्या कामाची बरीचशी बंधने आणि तयारी अवलंबून असते. पातळी ठरवताना टेबलावर जे कागद असतात, त्यांतली बहुतेक मूळ माहिती कोणीतरी स्थानिक सहकाऱ्याने पायी फिरून, फोन करून, ओळखीपाळखीतून आणलेली असते.

एक प्रसंग सांगतो. देशाचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या सहायकाच्या लक्षात आले की एका रस्त्यावरच्या शाळेत पालक दोन दिवस मुलांना सुटीच्या तासभर आधीच घेऊन जात आहेत. कोणी कोणाला काही सांगत नव्हते, पण दुपारी दोननंतर तो रस्ता रिकामा होत होता. तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘‘साहेब, लोकांना काहीतरी कळले आहे. आपल्याला अजून कळलेले नाही.’’ दुसऱ्या दिवशी दुपारी आमची एक गाडी त्याच रस्त्याने जाणार होती. मी प्रवास पुढे ढकलण्याची शिफारस लिहिली. अहवालात ‘स्थानिक सूत्रांनुसार’ असे शब्द घातले. त्याचे नाव घातले नाही, त्याने काय पाहिले तेही नीट लिहिले नाही. शिफारस वर गेली आणि ‘पाहिले’ एवढा शेरा घेऊन परत आली. गाडी गेली. परतताना तिच्यावर दोन्ही बाजूंनी गोळ्या झाडल्या गेल्या आणि आमच्या चालकाच्या खांद्याला गोळी लागली. तोही स्थानिकच होता. पुढे चौकशी झाली तेव्हा प्रत्येकाने आपापल्या परीने नियम पाळल्याचे दिसून आले. शिफारस झाली होती, ती पाहिली गेली होती, आणि ती अमान्य करण्याचा निर्णय कोणी घेतला याची नोंद कुठेही नव्हती.

या प्रसंगात माझीही चूक आहे आणि ती मी कमी लेखत नाही. ‘स्थानिक सूत्रांनुसार’ हे दोन शब्द वाचणाऱ्याला ऐकीव गप्पांसारखे वाटतात. ‘आमच्या सुरक्षा सहायकाने सलग दोन दिवस अमुक वेळी अमुक ठिकाणी उभे राहून हे पाहिले आहे’ असे मी लिहिले असते, तर शेरा मारणाऱ्याचा हात कदाचित थांबला असता. माहिती देणाऱ्याचे नाव झाकणे काही वेळा त्याच्याच सुरक्षेसाठी आवश्यक असते, हे खरे. मात्र निम्म्याहून अधिक वेळा आम्ही ते केवळ सवयीने झाकतो, आणि त्याचे श्रेयही त्याबरोबर झाकले जाते.

उत्तर न मिळालेल्या शिफारशींची किंमत आपल्या संस्थांनी याआधी फार मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. 19 ऑगस्ट 2003 रोजी बगदादच्या कॅनॉल हॉटेलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला आणि 22 माणसे मृत्युमुखी पडली. महासचिवांचे विशेष प्रतिनिधी सर्जिओ व्हिएरा द मेलो त्यांपैकी एक होते. उडालेल्या काचांनी अनेक जण जखमी झाले. खिडक्यांच्या काचा फुटून उडू नयेत म्हणून त्यांवर पातळ आवरण चिकटवण्याचा प्रश्न त्या कार्यालयात आधीच निघाला होता, आणि ते वेळेवर बसवले गेले नाही यावर नंतरच्या चौकशीत बोट ठेवले गेले. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी तेव्हाची सुरक्षा व्यवस्था अकार्यक्षम असल्याचे स्पष्ट म्हटले. त्यानंतर 2005 मध्ये सुरक्षेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि जबाबदारीची उतरंड कागदावर आली. तरीही 11 डिसेंबर 2007 रोजी अल्जिअर्समध्ये पुन्हा स्फोट झाला आणि संयुक्त राष्ट्रांचे 17 कर्मचारी गेले. त्यांतले बहुतेक अल्जेरियाचेच नागरिक होते, आणि तिथले सुरक्षा सल्लागारही मृतांमध्ये होते. या दोन तारखा आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितल्या जातात. मी स्वतः त्या कितीतरी वेळा फळ्यावर लिहिल्या आहेत. परंतु एखाद्या लहान कार्यालयात, कोणत्याही साध्या दिवशी, फाइलीवर ‘पाहिले’ असा शेरा पडतो तेव्हा त्या तारखांची आठवण कोणाला होत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती. सुरक्षेविषयी लेखी शिफारस आली की तिला लेखी उत्तर द्या : मान्य, अमान्य किंवा काही बदल करून मान्य; खाली नाव, तारीख आणि कारण. कार्यक्रमाची निकड एवढी मोठी आहे की हा धोका पत्करणे भाग आहे, असे आपले मत असेल तर तसेच लिहा. तो अधिकार आपल्याला आहे आणि तो आपल्यालाच असायला हवा. संस्थेचे काम बंद पाडण्यासाठी सुरक्षा अधिकारी नेमलेला नसतो. शक्य तिथे राहून काम करता यावे यासाठी तो असतो. मला माझ्या कारकीर्दीत ‘अमान्य’ हे उत्तर कधी खुपले नाही. अमान्य करणाऱ्याने धोका वाचला आहे, तोलला आहे आणि आपल्या नावावर घेतला आहे, एवढे त्यातून कळते आणि पुढची तयारी करता येते : दुसरी गाडी, दुसरा रस्ता, वैद्यकीय पेटी, तासातासाला संपर्क. ‘पाहिले’ या शेऱ्यानंतर मात्र कशाची तयारी करायची हेच कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यत्वे हे पत्र लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

धोकादायक ठिकाणच्या प्रत्येक कार्यालयात ठरलेल्या वेळी रेडिओ तपासणी होते. नियंत्रण कक्षातला माणूस यादी समोर ठेवून एकेक सांकेतिक नाव पुकारतो, आणि ज्याचे नाव येईल त्याने आपल्या संचावरून ‘ऐकू येत आहे, सर्व ठीक’ एवढे उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही तर थोडे थांबून पुन्हा पुकारायचे, मग तिसऱ्यांदा. तरीही शांतता असेल तर फोन करायचा, आणि फोनही उचलला नाही तर त्या भागाच्या वॉर्डनला, म्हणजे तिथल्या सहकाऱ्यांची खबर ठेवण्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याला, त्याच्या घरी पाठवायचे. नव्या माणसाला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो. वर्षभराने त्यालाच पुकारा उशिरा सुरू झाला तर चुकल्याचुकल्यासारखे होते.

एका देशात परिस्थिती तीन दिवसांत बिघडली आणि आम्हा परदेशी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर हलवण्याचा आदेश आला. तयारीला दोन तास मिळाले. मी ताफ्याच्या शेवटच्या गाडीत होतो. विमानतळाच्या रस्त्यावर असतानाच रोजच्या तपासणीची वेळ झाली आणि नियंत्रण कक्षातून आमच्या सहायकाचा आवाज आला. तो कार्यालयातच थांबला होता. यादी नेहमीची होती. निघून चाललेल्यांपैकी एकाचेही नाव त्याने गाळले नव्हते. तो एक नाव घ्यायचा, नेहमीएवढाच थांबायचा, ताफ्यातल्या कोणत्या तरी गाडीतून उत्तर यायचे, आणि मग तो पुढचे नाव घ्यायचा. शेवटी त्याने स्वतःचे सांकेतिक नाव पुकारले आणि स्वतःच ‘सर्व ठीक’ म्हणून संच बंद केला. त्याचे घर ज्या गल्लीत होते तिच्यापासून दोनच गल्ल्या पलीकडे पहाटेपासून गोळीबार चालू होता. मला हे माहीत होते, कारण सकाळच्या अहवालात ते त्यानेच लिहिले होते.

तो आणि त्याचे कुटुंब त्यातून सुखरूप बाहेर पडले. आमच्या आराखड्यामुळे ते बाहेर पडले असे मला म्हणता येत नाही. आमच्या आराखड्यात त्याच्यासाठी पगाराची आगाऊ रक्कम, विशेष रजा आणि ‘आवश्यकतेनुसार देशांतर्गत स्थलांतर’ एवढेच होते. स्थलांतर कुठे, कोणत्या गाडीने आणि कोणी न्यायचे, याविषयी एक ओळही नव्हती.

नियम काय सांगतो ते आपल्याला ठाऊक आहे. परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या पात्र कुटुंबीयांना देशाबाहेर हलवता येते. स्थानिक कर्मचाऱ्यांना देशातल्या देशात सुरक्षित ठिकाणी नेता येते. देशाबाहेर नेणे केवळ अत्यंत अपवादात्मक स्थितीत, संस्थेतल्या नोकरीमुळेच त्यांच्या जिवाला धोका असेल तेव्हा आणि मुख्यालयाच्या परवानगीने शक्य असते. या नियमामागे एक तर्क आहे. स्थानिक माणसाची जबाबदारी प्रथम त्याच्या सरकारवर असते, आणि कोणतीही संस्था एखाद्या देशाचे नागरिक त्या सरकारच्या इच्छेविरुद्ध सीमेपार नेऊ शकत नाही. हा तर्क मी मान्य करतो. पण ज्या देशात सरकारच उरलेले नाही, किंवा सरकारचाच आपल्या माणसावर रोष आहे, तिथे तो लागू पडत नाही. आणि नेमक्या अशाच देशांत आपल्याला बाहेर पडण्याची वेळ येते.

रवांडामध्ये 1994 साली वंशसंहाराच्या वेळी हे घडले. परदेशी कर्मचारी हलवले गेले, स्थानिक कर्मचारी मागे राहिले आणि त्यांच्यापैकी अनेकांची हत्या झाली. 1999 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने संयुक्त राष्ट्रांच्या या नियमाकडे लक्ष वेधले आणि स्थानिक कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाचा फेरविचार करण्यास सांगितले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पूर्व तिमोरमधल्या दिली शहरात वेगळे घडले होते. स्वातंत्र्याविषयीच्या सार्वमतानंतर हिंसाचार उसळला, संयुक्त राष्ट्रांच्या आवारात शेकडो लोक आश्रयाला आले आणि कार्यालय रिकामे करण्याची तयारी सुरू झाली. तेव्हा तिथल्या अनेक कर्मचाऱ्यांनी आश्रितांना आणि स्थानिक सहकाऱ्यांना टाकून जाण्यास नकार दिला आणि ते स्वेच्छेने मागे थांबले. अखेर 14 सप्टेंबर रोजी आवारातल्या सुमारे 1500 लोकांना विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात नेण्यात आले. माणसांनी आग्रह धरला, एका देशाने दार उघडले आणि अपवाद शक्य झाला. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सुमारे 100 परदेशी कर्मचारी कझाकस्तानातल्या अल्माटीला हलवले. त्या वेळी संस्थेचे स्थानिक कर्मचारी सुमारे 3000 होते. त्या दिवसांत आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या फोनवर येणाऱ्या संदेशांत एकच प्रश्न होता : आमच्यासाठी व्हिसा कोणी देईल का? माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

सुरक्षा अधिकारी संकटाच्या वेळी काय करतो, हे काबूलनेच 28 ऑक्टोबर 2009 रोजी दाखवले होते. पहाटे एका अतिथिगृहावर हल्ला झाला. लुई मॅक्सवेल आणि लॉरेन्स मेफुल या संयुक्त राष्ट्रांच्या दोन सुरक्षा अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांना इतका वेळ रोखून धरले की त्यांच्या बऱ्याच सहकाऱ्यांना निसटता आले. ते दोघे मारले गेले. त्यांचा उल्लेख होतो तेव्हा आजही माझा ऊर भरून येतो. आमच्या पेशातल्या माणसाकडून जी अपेक्षा असते ती त्यांनी पूर्ण केली, आणि तीच अपेक्षा आपण स्थानिक सहायकाकडूनही करतो. तो आपल्यासाठी फाटकावर उभा राहतो, चेकपोस्टवर आपल्या वतीने बोलतो, संस्थेचे ओळखपत्र गळ्यात घालून आपल्या शेजाऱ्यांसमोर वावरतो. आपण निघून गेल्यावर त्याच ओळखपत्रामुळे त्याच्या दारावर थाप पडू शकते.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकले आहेत. पहिला असा की स्थानिक सहायकावर त्याच्याच देशातल्या यंत्रणा दबाव आणू शकतात, म्हणून त्याला संवेदनशील बैठकींना बसवणे योग्य नाही. हा आक्षेप खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 100 व्या कलमानुसार कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून आदेश घेऊ नयेत, आणि सरकारांनीही त्याच्यावर प्रभाव टाकू नये. परंतु सनद न्यूयॉर्कमध्ये असते आणि सहायकाचा भाऊ त्याच शहरात नोकरी करत असतो. तरीसुद्धा त्याला दाराबाहेर ठेवल्याने दबाव कमी होत नाही. दबाव आणणाऱ्याला तो आत काय ऐकतो हे ठाऊक नसते, तो आत आहे एवढेच ठाऊक असते. ज्या विषयांत गुप्तता आवश्यक आहे ते विषय वेगळे करा, त्याला आधी सांगून वेगळे करा, आणि बाकीच्या बैठकीत त्याला बसवा. त्याच्यावर दबाव आला तर त्याने कोणाला सांगायचे, हेही ठरवून द्या. माझ्या पूर्ण सेवेत केवळ एका कार्यालयात असे ठरवून दिलेले मी पाहिले, आणि तिथल्या सहायकाने दोनदा येऊन सांगितले की त्याला धमकी आली आहे. इतर ठिकाणी धमक्या येत नव्हत्या असे समजण्याचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो सदस्य राष्ट्रांच्या दारापर्यंत जातो आणि आपण एकट्याने तो सोडवू शकत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या गोष्टींसाठी मी विनवणी करत आहे त्यांतल्या बऱ्याचशा फुकट आहेत. बैठकीतल्या खुर्चीला पैसे लागत नाहीत, शेऱ्याऐवजी उत्तर लिहायला पैसे लागत नाहीत. स्थानिक कर्मचाऱ्यांच्या घरांचे पत्ते, कुटुंबातल्या माणसांची संख्या, आजारी आणि वृद्ध किती, पासपोर्ट कोणाकडे आहेत, गावाकडे जायचे झाले तर कोणता रस्ता, ही यादी शांततेच्या काळात तयार करायला एक माणूस आणि दोन आठवडे पुरतात. मी ती एका कार्यालयात केली आहे. तेव्हा कळले की आमच्या चालकांपैकी दोघांच्या घरापर्यंत गाडी जातच नाही आणि पावसाळ्यात तिथे चालत जायलाही अर्धा तास लागतो. पाच वर्षे ते दोघे रोज पहाटे वेळेवर कामावर येत होते, आणि आम्हाला हे माहीत नव्हते.

कंत्राटी पहारेकऱ्यांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा आहे. फाटकावर रात्र काढणारा तो माणूस खाजगी कंपनीचा असतो, आणि पुष्कळदा आपल्या आराखड्यात त्याचा उल्लेख केवळ संख्येने असतो. निदान त्याला बुलेटप्रूफ जॅकेट त्याच्या मापाचे मिळते का आणि स्फोट झाल्यास त्याने कोणत्या भिंतीमागे जायचे हे त्याला कोणी दाखवले आहे का, एवढे आपण स्वतः फाटकापर्यंत चालत जाऊन एकदा विचारावे. कार्यालयप्रमुख फाटकावर येऊन असे विचारतात, ही गोष्ट सगळ्या आवारात दिवसभर बोलली जाते.

आपल्या कार्यालयाचा सुरक्षा आराखडा दर वर्षी नव्याने तपासला जातो. पुढच्या खेपेस तो आपल्या टेबलावर सहीसाठी येईल, तेव्हा त्यातले स्थलांतराचे पान उघडून स्थानिक कर्मचाऱ्यांपुढे नेमके काय लिहिले आहे ते आपण वाचावे. तिथे ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द असेल तर सही करू नये. आराखडा परत पाठवावा, आपल्या सुरक्षा सहायकाला बोलावून घ्यावे, त्याला समोर बसवावे आणि ते पान त्याच्यासोबत पुन्हा लिहावे : कोणती गाडी, कोणता रस्ता, कोणते गाव, किती माणसे, आणि रेडिओवर त्यांची नावे कोण पुकारणार.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी